तळघराच्या फरशीतून छतावर जाणारा पांढरा पाईप: घरातला रेडॉन बाहेर कसा काढतात

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या मागच्या अंगाला गेलात तर सेप्टिक टँकपासून निघून भिंतीला धरून थेट गच्चीच्याही वर गेलेला एक पाईप दिसतो, टोकाला जाळी नाहीतर टोपी. टाकीतला वायू कुठेतरी जाणारच, तो खिडकीतून आत येण्यापेक्षा डोक्यावरून निघून जाऊ दे, एवढंच त्या पाईपचं काम. माझ्या ताईच्या घराला गेल्या वर्षी असाच एक पाईप बसला, पण तो तळघराच्या फरशीतून खाली जमिनीत गेलाय आणि त्याच्यावर एक पंखा चोवीस तास चालतो. ताई अमेरिकेत आयोवा राज्यात राहते, डे मॉईनजवळ. पंखा रेडॉनसाठी आहे, जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूसाठी.

हे लिहायला बसलो कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांत या विषयावर बोलणं व्हायला हवं आणि होत नाही. कोथरूड, औंध, सहकारनगर, कुठल्याही सोसायटीत विचारा, मुलगा नाहीतर मुलगी अमेरिका-कॅनडात आणि आई-बाबा एकदोन वर्षांनी सहा सहा महिने तिकडे. आणि तिकडे त्यांची खोली कुठे असते, तर बेसमेंटमध्ये. छान कार्पेट, वेगळी बाथरूम, टीव्ही, शांतता. आमचे आई-बाबा दोन ट्रिपा तिथेच झोपले, दुपारी पण तिथेच. तिसऱ्या ट्रिपच्या आधी ताईच्या शेजारणीने सहज विचारलं की रेडॉन टेस्ट केली आहेस ना, आणि ताईने केली नव्हती, तिने हार्डवेअरच्या दुकानातून छोटं किट आणलं, रिझल्ट आला लिटरभर हवेत ९.२ पिकोक्युरी, हे किरणोत्सार मोजायचं तिकडचं माप. तिथली कारवाईची मर्यादा, म्हणजे ज्याच्या वर गेलं की दुरुस्ती करा म्हणतात ती, ४ आहे. रात्री तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती, आई-बाबांना मी त्यात झोपवलं रे असं म्हणत होती. माझं काम इथे बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगला हवा खेळती ठेवायच्या सिस्टिमचं, डक्ट आणि पंखे मला कळतात, रेडॉन तेव्हा फारसा कळत नव्हता. त्या आठवड्यात जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं आणि तिच्या कॉन्ट्रॅक्टरशी व्हिडिओ कॉलवर बोललो, तेच इथे सांगतोय.

आधी रेडॉन म्हणजे काय. माती आणि दगडात थोडं थोडं युरेनियम सगळीकडेच असतं. ते अत्यंत सावकाश फुटत जातं, त्यातून दुसरं मूलद्रव्य होतं, त्यातून तिसरं, अशा पिढ्या चालू राहतात. त्यातल्या एका पिढीला रेडियम आणि रेडियमनंतर रेडॉन. रेडॉनच्या आधीचे सगळे घन, म्हणून ते दगडातच अडकून बसतात, रेडॉन मात्र वायू आहे, मातीच्या कणांमधल्या पोकळीतून तो सरकू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ३.८ दिवसांत त्याचा अर्धा साठा फुटून संपतो, पुढच्या ३.८ दिवसांत उरलेल्याचा अर्धा. म्हणजे जमिनीतून वर यायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. मोकळ्या मैदानात वर आला तर वाऱ्यात मिसळून जातो, काही प्रश्नच नाही. घराखाली वर आला तर घर त्याला आत ओढून घेतं.

ओढून घेतं हे शब्दशः आहे. बाथरूमचं दार-खिडकी बंद करून एक्झॉस्ट फॅन लावला आणि त्याच वेळी नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असलं तर गटाराचा वास येतो, अनुभव असेल सगळ्यांना. पंख्याने हवा बाहेर काढली, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, बाकी सगळं बंद म्हणून ती ड्रेनेजमधून येते. थंड देशातल्या घराचं हिवाळ्यात असंच होतं, फक्त पंख्याचं काम गरम हवा करते. हीटरने तापलेली हवा वर चढते, माळ्याच्या फटींतून निसटते, आणि तळाशी थोडीशी पोकळी तयार होते, मग खालचं घर जमिनीतली हवा खेचायला लागतं. तळघराच्या फरशीच्या काँक्रीट स्लॅबच्या भेगा, फरशी आणि भिंत मिळतात तो सांधा, पाण्याचे पाईप जिथून आत येतात ती भोकं, पाणी उपसायचा सम्प, जिथे वाट मिळेल तिथून. हा दाबातला फरक किती, तर फक्त काही पास्कल. पाण्याचा एक मिलिमीटर उंचीचा थर जेवढा दाब देतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण रात्रंदिवस, अख्खा हिवाळाभर.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. रेडॉन हवेपेक्षा साडेसात-आठ पट जड आहे म्हणून तो तळघरात साचून राहतो असं लोक सांगतात. तो जड आहे हे खरंय पण तळघरात जास्त असण्याचं कारण ते नाही. ताईच्या तळघरात एका घनमीटर हवेत रेडॉनचे अणू साधारण १६ कोटी, ऐकायला प्रचंड, पण त्याच घनमीटरमध्ये हवेचे रेणू म्हणजे २५ वर २४ शून्यं. इतका विरळ वायू हवेत पूर्ण मिसळलेला असतो, पाण्यासारखा तळाला बसत नाही. तळघर जमिनीला सगळ्यात जवळ आणि तिथे हवा सगळ्यात कमी खेळते, म्हणून तिथे आकडा जास्त.

मग एवढ्याशा अणूंनी बिघडतं काय? रेडॉन श्वासात आत जातो आणि बराचसा तसाच बाहेर येतो. त्रास त्याच्या पुढच्या पिढ्यांचा, त्यात मुख्य म्हणजे पोलोनियम. हे परत घन असतात, धुळीला चिकटतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात आणि तिथे फुटताना अल्फा कण, म्हणजे अणूतून सुटणारे वेगवान कण, सोडतात. अल्फा कण साध्या कागदाने अडतो, कातडीवरचा मेलेला थरही त्याला पुरतो, पण फुफ्फुसाच्या आतल्या अस्तराला असा थर नाही, तिथे जिवंत पेशींवरच मार बसतो, डीएनए तुटतो. वर्षानुवर्षं असं झालं की कॅन्सरची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच रेडॉनला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, आणि बऱ्याच देशांत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा नंबर लागतो. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, तिचा अंदाज असा की ४ च्या पातळीवर जन्मभर राहिलेल्या १००० लोकांमागे, कधीच सिगारेट न ओढलेल्यांपैकी सुमारे ७ जणांना आणि ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ जणांना फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर रेडॉन त्याच्यासाठी कितीतरी जास्त घातक, हे फार कमी लोकांना माहितीये. आणि जन्मभर हा शब्द नीट वाचा, ताईला मी हेच परत परत सांगितलं. सहा-सहा महिन्यांच्या दोन ट्रिपा म्हणजे जन्म नव्हे. घाबरून जाण्यासारखं नाही, दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

घरातल्या रेडॉनची गोष्ट जगाला नीट कळली ती १९८४ च्या डिसेंबरमध्ये. पेनसिल्व्हेनियात लिमरिक नावाच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे स्टॅनली वॉट्रस हे इंजिनिअर कामाला होते. ते गेटमधून जाताना किरणोत्साराचा अलार्म वाजायला लागला. केंद्र अजून सुरूच झालं नव्हतं, आणि अलार्म सकाळी आत येताना पण वाजायचा, म्हणजे हे ते घरून घेऊन येत होते. घर तपासलं तर लिटरला २७०० पिकोक्युरीच्या आसपास. कुटुंबाला घर सोडावं लागलं, पुढे घराखालची हवा बाहेर काढायची व्यवस्था केली, आकडा उतरला आणि ते त्याच घरात परत राहायला आले. मला यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो, इतकं वाईट घरसुद्धा दुरुस्त झालं.

आकड्यांचा घोळ होतो म्हणून थोडं. अमेरिकेत पिकोक्युरी प्रति लिटर मोजतात, बाकी बहुतेक जगात बेकरेल प्रति घनमीटर. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटला. पिकोक्युरीला ३७ ने गुणलं की बेकरेल मिळतं, त्यामुळे अमेरिकेचे ४ म्हणजे १४८, ताईचे ९.२ म्हणजे ३४०. जागतिक आरोग्य संघटना म्हणते जमलं तर १०० च्या खाली ठेवा, अगदीच नाही जमलं तर ३०० च्या वर जाऊ देऊ नका. कॅनडाची मर्यादा २००, ब्रिटनची पण २००. नातेवाईक कुठल्या देशात आहेत त्याप्रमाणे आकडा बघा, नाहीतर टोरांटोतला भाचा १५० म्हणाला की उगाच धसका बसतो आणि शिकागोतला मेहुणा ६ म्हणाला की वाटतं काहीच नाही.

मोजणं सोपं आहे. कोळशाची डबी मिळते, दोनचार दिवस ठेवायची आणि लॅबला पाठवायची. किंवा अल्फा ट्रॅक नावाची छोटी फिल्म, ती तीन महिने किंवा जास्त ठेवतात, अल्फा कण त्या फिल्मवर ओरखडे पाडतात आणि लॅबमध्ये ते मोजतात. थोड्या दिवसांची टेस्ट करताना बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, येण्याजाण्यापुरती दारं उघडली तर चालतात, आणि किट ठेवायचं घरातल्या सगळ्यात खालच्या, पण माणसं वावरतात अशा मजल्यावर. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू होत नाही, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत खूप फरक निघू शकतो, कारण कुणाच्या स्लॅबला कुठे भेग आहे हे वेगळं असतं. धुराचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो त्याला रेडॉन कळत नाही, हेही ताईला माहिती नव्हतं.

आता उपाय. बाबा म्हणाले, एवढं काय, खिडकी उघडी ठेवायची. पुण्यात हे उत्तर बरोबर आहे. आयोवात जानेवारीत बाहेर उणे पंधरा असताना कोण उघडी ठेवणार, आणि उघडली तरी बंद केल्यावर काही तासांत आकडा परत वर. शिवाय वरच्या मजल्याची खिडकी उघडली तर गरम हवा अजून जोरात बाहेर जाते आणि तळघर अजून जोरात खेचतं, म्हणजे उलटंच. दुसरं सुचलं ते भेगा बुजवणं. बुजवायच्याच, पण नुसत्या बुजवून भागत नाही, केसाएवढी फट कुठे राहिली ते दिसत नाही आणि काँक्रीट वर्षागणिक नव्या भेगा देतं. तिसरं एअर प्युरिफायर. तो धूळ पकडतो, धुळीला चिकटलेलं थोडं पोलोनियम पकडेल, पण वायू तसाच राहतो आणि परत नवं पोलोनियम तयार करत राहतो.

जे खरं चालतं ते असं की घराच्या आतल्या दाबापेक्षा स्लॅबखालचा दाब कमी करायचा. घर जमिनीला खेचत होतं, आता पाईप जमिनीला घरापेक्षा जास्त जोरात खेचेल. मग भेग राहिली तरी हवा घरातून खाली जाते, खालून वर येत नाही. मला हे कळलं तेव्हा फार आवडलं, कारण सगळ्या भेगा शोधायची गरजच संपते.

प्रत्यक्षात काय करतात ते आपल्या भाषेत सांगतो. तळघराच्या स्लॅबला चार-पाच इंचाचं कोअर कटिंग करतात, एसीच्या पाईपसाठी भिंतीला करतात तसंच. त्या भोकातून हात घालून खालची माती-खडी बादलीभर काढून खड्डा करतात, म्हणजे चहूबाजूंनी हवा यायला जागा होते. त्यात तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाईप उभा करतात, भोवतीची फट सीलंटने पक्की बंद. पाईप कपाटाच्या किंवा गॅरेजच्या कोपऱ्यातून वर माळ्यावर नेतात, तिथे पाईपमध्येच पंखा बसवतात आणि तोंड छताच्या वर काढतात.

या सगळ्यात दोनतीन गोष्टींवर मी कॉन्ट्रॅक्टरला खोदून खोदून विचारलं. एक, पंखा कुठे. तो कधीही तळघरात किंवा राहत्या खोलीत नको, कारण पंख्याच्या खालच्या पाईपमध्ये ओढ असते, तिथे गळती झाली तर घरातली हवा पाईपमध्ये जाते, पण पंख्याच्या वरच्या पाईपमध्ये दाब असतो, तिथे गळती झाली तर सगळ्यात तीव्र रेडॉन थेट खोलीत. म्हणून माळ्यावर, गॅरेजच्या वर किंवा घराबाहेर. दोन, तोंड कुठे. जमिनीपासून निदान दहा फूट, छताच्या कडेच्या वर आणि खिडक्यांपासून लांब. तीन, उतार. जमिनीतली हवा दमट असते, थंडीत पाईपच्या आत पाणी धरतं, ते परत खाली जमिनीत गेलं पाहिजे, मध्ये कुठे पाईपला पोट पडलं तर तिथे पाणी साचून हवेची वाट बंद होते. आपल्याकडे एसीच्या ड्रेन पाईपचा उतार चुकला की काय होतं ते माहिती असेल तर हे लगेच कळेल.

आणि भोक कुठे पाडायचं हे अंदाजाने ठरवायचं नसतं. एका ठिकाणी भोक पाडून ओढ द्यायची, लांबच्या कोपऱ्यात दुसरं बारीक भोक पाडायचं आणि तिथे धूर धरायचा. आम्ही साइटवर कधी कधी अगरबत्ती धरतो तसं. धूर भोकात खाली ओढला गेला तर ओढ तिथपर्यंत पोचली. स्लॅबखाली खडी असेल तर एक भोक अख्ख्या घराला पुरतं, चिकण माती असेल तर ओढ पसरत नाही, दोनतीन भोकं लागतात. आपल्याकडे फरशीखाली सोलिंग असतं, दगडांमध्ये पोकळ्या असतात, तशी जमीन या कामाला फार सोयीची. ज्या कॉन्ट्रॅक्टरने ही तपासणी न करता फोनवरच एक पंखा एक पाईप असा भाव सांगितला त्याला ताईने नको म्हटलं, माझ्या मते बरोबर केलं.

अजून एक, आणि हे जिवाशी खेळ होऊ शकेल असं आहे. तळघरात गॅसचा गीझर किंवा गॅसची भट्टी असेल आणि स्लॅबच्या मोठ्या भेगा उघड्या राहिल्या असतील तर पंखा तळघरातलीच हवा खूप ओढतो आणि गीझरचा धूर चिमणीतून वर जायच्या ऐवजी उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून सिस्टिम चालू केल्यावर चिमणीची ओढ तपासून घ्यायची, हे कॉन्ट्रॅक्टर विसरला तर आपण आठवण करायची.

खर्च तिकडे साधारण हजार ते अडीच हजार डॉलर, पंखा एका जुन्या बल्बएवढी वीज खातो, आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. ज्या घरांना तळघर नसून जमिनीपासून थोडी पोकळी असते तिथे मातीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा चिकटवतात आणि त्या प्लास्टिकच्या खालून ओढ देतात. सम्प असेल तर त्याला हवाबंद झाकण लावून तिथूनच ओढता येतं. नवीन घर बांधतानाच खडीचा थर, त्यावर प्लास्टिक आणि छतापर्यंत पाईप टाकून ठेवला तर खूप स्वस्तात होतं, पंखा नंतर गरज पडली तरच.

आता पुण्याचं. आपण बसाल्टवर, काळ्या पाषाणावर राहतो, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. बसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. त्यात आपल्या बहुतेक बिल्डिंगना खाली पार्किंग, चारी बाजूंनी वारा, म्हणजे जमिनीतली हवा फ्लॅटपर्यंत पोचायच्या आधीच उडून जाते. वर खिडक्या वर्षभर उघड्या. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने रेडॉनची काळजी करू नये, ओट्याच्या ग्रॅनाइटचीही नको, त्यातून येतो तो सहसा नगण्य. जमिनीला टेकलेली बंद जागा मात्र वेगळी, जुन्या वाड्याचं तळघर, बंगल्याच्या बेसमेंटमधला क्लास, जिम, एसी लावून दिवसभर बंद असलेलं ऑफिस. अशा ठिकाणी लोक नुसता एक्झॉस्ट लावतात आणि मी दरवेळी भांडतो की बाहेरची ताजी हवा आत सोडणारा पंखा पण लावा, कारण नुसत्या एक्झॉस्टने खोली जमिनीला आणि गटाराला ओढायला लागते. हे मी वासासाठी आणि ओलीसाठी सांगायचो, आता रेडॉनसाठीही सांगतो. भंडारा, गडचिरोलीकडे जमीन वेगळी, तिथे ग्रॅनाइटसारखे खूप जुने खडक आहेत, हैदराबाद-बंगळूरलाही ग्रॅनाइट आणि त्याचे भाऊबंद, तिथे तळमजल्यावर राहणाऱ्याने मोजून घ्यायला जास्त अर्थ आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा मोजणीसाठी फिल्मचं छोटं उपकरण तयार केलंय, घरात टांगून तीनेक महिने ठेवायचं, विद्यापीठांतले संशोधक तेच वापरतात.

ताईचा पाईप एका दिवसात बसला. त्यावर इंग्रजी यू आकाराची काचेची नळी आहे, आत रंगीत पाणी, दोन्ही बाजूंची पातळी वर-खाली असली की ओढ चालू, सारखी झाली की पंखा बंद पडला. ती नळी रेडॉन मोजत नाही, फक्त पंख्याची तब्येत सांगते, म्हणून टेस्ट परत करायचीच असते, पंखा चालू करून किमान चोवीस तास गेल्यावर आणि महिन्याच्या आत. ती आली ०.९. मला तेवढ्याने बरं वाटलं नाही कारण तेव्हा सप्टेंबर होता आणि घराची खरी ओढ थंडीत असते, म्हणून जानेवारीत हीटर पूर्ण चालू असताना परत करायला लावली, १.३ आली. आई-बाबा मे महिन्यात गेले, खोली तीच. आई सकाळी चहा झाला की नळी बघून फोनवर सांगते, आणि पुढची टेस्ट दोन वर्षांनी, तारीख ताईच्या फ्रिजवर लावलेली आहे.